व्हॅम्पायरला जंत झाले तर

भुताखेतांशी माझं वाकडं नाही. मुंजा, समंध, हडळ, देवचार ही सगळी मंडळी मला मान्य आहेत, कारण त्यांचा हिशेब चोख असतो. मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा, मुक्काम पिंपळावर. समंधाचा जीव पुरलेल्या धनात अडकलेला. हडळ बाळंतपणात गेलेली, तिचं सगळंच राहून गेलेलं. कोकणातला देवचार तर जवळजवळ गावचा राखणदारच, त्याचं ठरलेलं देणं दिलं की वाटेला जात नाही. प्रत्येकाला पत्ता आहे, प्रत्येकाचं काहीतरी राहिलंय, आणि काय केलं की तो वाट सोडेल हे गावातल्या दोन-चार म्हाताऱ्यांना पक्कं ठाऊक असतं.

व्हॅम्पायरचं तसं नाही. हा बहुधा खानदानी, कपडे इस्त्रीचे, राहायला वाडा नाहीतर किल्ला, आणि दुःख कसलं म्हणाल तर मरण येत नाही हे. लसूण का चालत नाही? आरशात का दिसत नाही? बोलावल्याशिवाय उंबरा का ओलांडता येत नाही? क्रूस पाहून का कळवळतो? विचारलं तर उत्तर एकच: असतं तसं. ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ १८९७ चा. तिथपासून हे नियम इमानेइतबारे पाळले जातायत, किंवा लेखकाच्या सोयीने मोडले जातायत. मला दोन्हींचा सारखाच कंटाळा.

त्यातून किशोरांसाठीचे व्हॅम्पायर म्हणजे तर विचारूच नका. ‘ट्वायलाइट’चा नायक १९१८ च्या साथीत मरता मरता व्हॅम्पायर झाला. म्हणजे कथा घडते तेव्हा गृहस्थाने शंभरी ओलांडलीय, आणि तो शाळेच्या बाकावर एका सतरा वर्षांच्या मुलीशेजारी बसलाय. तेही जीवशास्त्राच्या तासाला! दोघं मिळून सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या मुळाच्या पेशी बघतात. शेजारी साक्षात एक न मरणारा, उन्हात चमकणारा, रक्तावर जगणारा सस्तन प्राणी बसलाय आणि वर्ग कांदा बघतोय. माझं त्या पुस्तकाशी जे बिनसलं ते तिथेच.

लेकीने मात्र हट्ट सोडला नाही. ‘तुला जे हवंय ते यात आहे’ म्हणत तिने स्कॉट वेस्टरफेल्डची ‘पीप्स’ माझ्या उशाशी आणून ठेवली. हीसुद्धा २००५ चीच, म्हणजे ‘ट्वायलाइट’च्याच वर्षीची. मुखपृष्ठ पाहून मी ती दोन दिवस उलटी ठेवली होती. मग एका रात्री उघडली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात डोळे चोळत बसले.

यातही जीवशास्त्र शिकायला आलेला मुलगा आहे. कॅल, वय एकोणीस, टेक्सासहून न्यूयॉर्कला आलेला. आल्या आल्या एका बारमध्ये भेटलेल्या बाईबरोबर रात्र काढतो आणि नको ते घेऊन घरी येतो: एक परोपजीवी. तोच व्हॅम्पायरपणाचं मूळ. कॅलच्या शरीराने त्याच्याशी जमवून घेतलंय. डोकं ठिकाणावर आहे, अंगात ताकद आलीय, अंधारात दिसतं आणि मांसाची भूक भागता भागत नाही. तो निव्वळ वाहक. पण हे कळायच्या आत ज्या मुलींच्या तो जवळ आला त्या मात्र वेड्या होऊन अंधारात शिरल्यायत, आणि त्यांना शोधून आणणं ही आता त्याची नोकरी आहे. नोकरी शहराच्या एका जुन्यापुराण्या गुप्त खात्यात. तिथे अर्ज भरल्याशिवाय पान हलत नाही. हा भाग वाचताना मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

एक प्रकरण गोष्टीचं आणि पुढचं छोटं प्रकरण खऱ्याखुऱ्या परोपजीवींचं, अशी पुस्तकाची वीण. मी आधी ती छोटी प्रकरणं वाचायचे. मेंढीच्या यकृतात राहणारा एक चपटा जंत घ्या. त्याची अंडी लेंडीतून गोगलगायीच्या पोटात जातात, तिथून तिच्या चिकट गोळ्यांतून मुंगीच्या. मुंगीच्या पोटात गेल्यावर खरी गंमत. संध्याकाळ झाली, गारवा आला की ही मुंगी वारूळ सोडून गवताच्या पात्याच्या टोकावर चढते आणि जबडा रोवून गप्प राहते. ऊन तापलं की खाली उतरून कामाला लागते, संध्याकाळी पुन्हा टोकावर. का? तर मेंढीने गवताबरोबर तिला खावं म्हणून. जंताला मेंढीत परत जायचंय. ‘टॉक्सोप्लाझ्मा’ नावाच्या एकपेशीय जिवाचंही तसंच. त्याला प्रजननासाठी मांजराचं आतडंच लागतं, म्हणून तो उंदराच्या मनातली मांजराच्या वासाची भीतीच काढून टाकतो. या जिवांपुढे ट्रान्सिल्व्हानियाचा सरदार मला अगदीच हौशी नट वाटू लागला.

आता लसूण-आरसा-क्रूस. या कादंबरीत त्यांना कारण आहे, आणि ते कारण वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले. परोपजीवी शिरला की माणसाला आपल्याच आवडत्या गोष्टींची किळस येऊ लागते. ज्यावर जीव होता त्याच्याकडे बघवत नाही. पूर्वीचे रोगी क्रूस पाहून पळायचे ते क्रूसात जादू होती म्हणून नव्हे, तर रोग होण्याआधी त्यांची त्याच्यावर श्रद्धा होती म्हणून. आरसा नको, कारण स्वतःचा चेहरा प्रत्येकाला प्रिय. घरची माणसं नकोत, कारण ती घरची. यात परोपजीवीचा स्वार्थ उघड आहे: ओळखणारी, धरून ठेवणारी माणसं तुटली की रोगी लपून राहतो आणि रोग पसरायला मोकळा होतो. कॅलची जुनी मैत्रीण सॅरा एल्विस प्रेस्लीची भक्त. नदीपलीकडच्या होबोकेनमध्ये ती एका पडक्या इमारतीत दडलीय, आणि तिला पकडायला हा पोरगा काय घेऊन जातो, तर एल्विसच्या वस्तू. आधी हसू येतं. मग लक्षात येतं की तिला काय आवडायचं हे ठाऊक असलेला माणूस हाच, म्हणून या कामावर पाठवायलाही हाच.

माझी आत्या शाळेत शिकवायची आणि नाट्यसंगीतावर जीव टाकायची. शेवटच्या चार-पाच वर्षांत तिला स्मृतिभ्रंश झाला. विसरणं सगळ्यांनी धरलेलंच होतं. कोणी न सांगितलेली गोष्ट होती ती तिटकाऱ्याची. रेडिओवर तिचंच आवडतं पद लागलं की ती कानांवर हात ठेवून ‘बंद करा तो गोंगाट’ म्हणून ओरडायची. कामाच्या बाईच्या हातून मुकाट जेवायची, पण पोटचा मुलगा खोलीत आला की भिंतीला टेकून थरथरायची. आणि गोदरेजच्या कपाटाचा आरसा. आधी त्यातल्या बाईची तिला काळजी होती. ‘ही मघापासून उभी आहे, हिला जेवायला वाढलं का?’ मग संशय आला, मग राग. एकदा वरणाची वाटी फेकून मारली. शेवटी वहिनीने तिचंच एक जुनं नऊवारी त्या आरशावर टाकलं, वर दोन चिमटे लावले. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं, काहींना स्वतःचा चेहरा परका वाटतो.

आत्याच्या आजारामागे कोणी परोपजीवी नव्हता. त्या सगळ्यात कोणाचा फायदा नव्हता. कादंबरीत निदान कोणाचं तरी पोट भरतं.

मेर्सी ब्राउनची हकिगत मला आधीपासून माहीत होती. हे पुस्तक वाचताना ती वेगळी दिसली. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधलं एक्सेटर गाव, १८९२. ब्राउन कुटुंबातली आई आणि थोरली मुलगी क्षयाने आधीच गेलेल्या. जानेवारीत धाकटी मेर्सी गेली, तीही एकोणीसचीच. भाऊ एडविन अंथरुणाला खिळलेला. शेजारीपाजारी म्हणू लागले की गेलेल्यांपैकीच कोणीतरी त्याचा जीव शोषतंय. बापाचा फारसा विश्वास नव्हता, पण त्याने मान तुकवली. मार्चमध्ये तिघींची प्रेतं पाहिली. दोघींची हाडं उरलेली. मेर्सीला जाऊन मात्र दोनच महिने झालेले, तेही कडाक्याच्या थंडीतले. तिच्या काळजात रक्त सापडलं. झालं! काळीज जाळलं, राख पाण्यातून एडविनला पाजली. दोन महिन्यांत तोही गेला. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवून तेव्हा दहा वर्षं झाली होती.

त्या लोकांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्यांचं निरीक्षण बघा: मेलेला आधी घरच्यांनाच ओढतो. क्षय तेच करतो. एका खोलीत निजणाऱ्यांना, रात्र रात्र उशाशी बसणाऱ्यांना तो आधी धरतो. गावाने माया आणि मरण यांतला धागा अचूक पकडला होता. फक्त त्या धाग्याला जंतू म्हणायच्या ऐवजी मेर्सी म्हटलं. व्हॅम्पायरवर मी इतकी वर्षं चिडले ती बिनकारणाचा म्हणून. कारण होतं, लेखकांनीच ते वाटेत कुठेतरी सांडलं. १९९८ मध्ये एका स्पॅनिश मेंदूतज्ज्ञाने व्हॅम्पायरच्या दंतकथेमागे पिसाळ रोग असावा अशी मांडणी केली होती: चावणं, झोप उडणं, उग्र वास सोसेनासा होणं, आरशासमोर झटके येणं. अठराव्या शतकातल्या युरोपभरच्या साऱ्या गोष्टी एवढ्याने सुटतात असं मला वाटत नाही, पण प्रश्न विचारायची दिशा बरोबर आहे.

पुस्तकातल्या एका प्रकरणापाशी तर मी गावीच पोचले. ते आहे नारूचं. आमच्या वडिलांच्या पिढीला नारू काय हे सांगावं लागत नसे. बारवेचं पाणी प्यायलं की वर्षभराने पायाला फोड येतो आणि त्यातून सुतासारखा जंत डोकावतो, हे त्यांनी पाहिलेलं. हा जंत मीटरभर लांब होऊ शकतो. ओढला तर तुटतो आणि पाय सडतो, म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा काढायचा, आठवडेच्या आठवडे. वैद्यकाच्या खुणेतला काठीवरचा साप म्हणजे मुळात काडीवरचा हा नारूच, असाही एक तर्क आहे आणि पुस्तकात तो मोठ्या झोकात येतो. पण मला भिडलं ते वेगळंच. त्या फोडाची अशी आग होते की माणूस धावत जाऊन पाय पाण्यात घालतो. नारूला तेच हवं असतं. पाण्याचा स्पर्श होताच तो हजारो पिल्लं सोडतो, ती पाण्यातल्या बारीक जिवांच्या पोटात जातात, आणि पुढे कधीतरी कोणीतरी घागर भरायला येतं. पिसाळ रोग माणसाला पाण्यापासून पळवतो, नारू पाण्याकडे पळवतो, आणि दोन्ही वेळा माणसाला वाटतं आपल्यालाच तसं वाटतंय.

लस नाही, औषध नाही, आणि तरी नारू आपल्याकडून गेला. पाणी दुहेरी फडक्यातून गाळणं, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं किंवा त्यांची रचना बदलणं, रोग्याला पाण्यात उतरू न देणं, एवढ्यावर. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूरकडे सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. व्हॅम्पायरच्या छातीत खुंटी ठोकण्यापेक्षा ही फडक्याची लढाई मला कितीतरी थरारक वाटते, पण त्यावर कोणी कादंबरी लिहीत नाही.

आता तक्रारी. पुस्तकाचा शेवटचा तिसरा हिस्सा मला जड गेला. जमिनीखालून काहीतरी अजस्र वळवळत येतं, परोपजीवीच माणसाच्या बाजूने उभा राहतो वगैरे. कल्पना म्हणून ठीक, पण इतका वेळ एका लहानशा जिवाचा खोडसाळ स्वार्थ दाखवून झाल्यावर एकदम जग वाचवायची घाई कशाला? किशोरांच्या पुस्तकात जग वाचवलंच पाहिजे असा करार असतो की काय कोण जाणे. शिवाय कॅल कधी कधी फारच चुरचुरीत बोलतो. सॅराबद्दल, जिचं आयुष्य त्याच्यामुळे उलटंपालटं झालं तिच्याबद्दल, मला आणखी पानं हवी होती.

लेकीला वाटलं, आई फितली. तिने लगेच याच जातीच्या आणखी तीन कादंबऱ्या आणल्या. पहिलीतला नायक फिकट आणि देखणा होता, दुसरीतला फिकट, देखणा आणि कवी होता. तिसरी मी उघडली नाही. त्याऐवजी कार्ल झिमर यांचं परोपजीवींवरचं २००० सालचं जाडजूड पुस्तक मागवलं. लेकीने चाळून परत दिलं. म्हणाली, यात नायकच नाहीये गं.

म्हटलं, जंत आहेत की!