निरोप पुढे, नोंद मागे

बँक अडचणीत आली की पहिला प्रश्न येतो, ‘कर्ज कुणाला दिलं होतं?’ प्रश्न रास्तच आहे. पण मी ज्या विभागात काम करते, तिथली काळजी वेगळी असते. कर्जदार नियमित हप्ते भरतोय, बाजार शांत आहे, व्याजदर जागच्या जागी आहेत, आणि तरीही बँकेचा पैसा जाऊ शकतो. कामाची सदोष पद्धत, माणसं, संगणक यंत्रणा किंवा बाहेरची एखादी घटना यांमुळे होणाऱ्या नुकसानीच्या शक्यतेला आम्ही ‘ऑपरेशनल रिस्क’ म्हणतो. २००४च्या बाझल-२ या आंतरराष्ट्रीय बँकिंग नियमांच्या चौकटीपासून या जोखमीसाठीही बँकांनी भांडवल राखून ठेवावं, हे तत्त्व रूढ झालं.

या व्याख्येत पूर, आग, चोरी, सर्व्हर बंद पडणं असं सगळं बसतं. पण मोठ्या घोटाळ्यांची कागदपत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचली की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पैशाविषयीचा निरोप पुढे निघून गेलेला असतो, नोंद मागे राहिलेली असते, आणि दोन्हींचा ताळा घेणारं कुणी नसतं.

१९९२चा रोखे घोटाळा घ्या. सरकारी रोख्यांच्या व्यवहारात विकणारी बँक रोख्यांऐवजी ‘बँक रिसीट’ देत असे. पैसे मिळाले, रोखे नंतर देतो, असं सांगणारा तो कागद. काही बँकांनी हातात रोखे नसतानाच असे कागद दिले. जानकीरामन समितीच्या तपासणीत बँक ऑफ कराडचं नाव त्यात आलं, आणि पुढे ती बँक अवसायनात निघाली. कागद होता, सही होती, शिक्का होता; मागे रोखे नव्हते.

यानंतर बँकांत कोअर बँकिंग आलं, खतावण्या संगणकात गेल्या. तरी २०१८मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेत तीच रीत दिसली. परदेशातल्या बँकेला ‘या ग्राहकाच्या कर्जाची हमी आमची’ असं कळवणाऱ्या पत्राला ‘लेटर ऑफ अंडरटेकिंग’ म्हणत. ते स्विफ्टवरून जाई. स्विफ्ट पैसे पाठवत नाही, फक्त संदेश पाठवतं. पण समोरची बँक त्या संदेशावर विसंबून पैसे देते. पंजाब नॅशनल बँकेत स्विफ्ट आणि कोअर बँकिंग एकमेकांना जोडलेले नव्हते. संदेश पाठवायचा आणि कोअरमध्ये नोंद करायचीच नाही, हे शाखेतल्या काही मोजक्या लोकांना वर्षानुवर्षं करता आलं. आकडा १३ हजार कोटी रुपयांच्या वर गेला.

हा घोटाळा उघडकीस कसा आला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या टेबलावरचा जुना अधिकारी निवृत्त झाला होता. जानेवारी २०१८मध्ये ग्राहक कंपन्यांची माणसं पुन्हा हमीपत्र मागायला आली, तेव्हा नव्या अधिकाऱ्यांनी पूर्ण रकमेचं तारण मागितलं. ‘आधी कधी द्यावं लागलं नाही,’ असं उत्तर आल्यावर त्यांनी जुन्या नोंदी शोधल्या. नोंदी सापडल्या नाहीत. एका साध्या प्रश्नाने ते बिंग फुटलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. एटीएममध्ये कार्ड घातल्यावर विचारणा ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेकडे जाते, स्विच ती कोअर बँकिंगकडे नेतं, खात्यात शिल्लक असेल तर होकार येतो आणि मग नोटा बाहेर पडतात. चोरांनी मालवेअर घुसवून मधला हा दुवाच बाजूला सारला. विचारणा कोअरपर्यंत पोहोचेचना. चोरांची यंत्रणा परस्पर होकार देऊ लागली. ११ ऑगस्टला, शनिवारी, बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे निघाले. १३ तारखेला स्विफ्टवरून हाँगकाँगला आणखी १३.९२ कोटी वळवले गेले. एकूण ९४ कोटींहून अधिक. खातेदारांच्या खात्यांतून रक्कम वजा झाली नाही, कारण खात्यांना कुणी विचारलंच नव्हतं. तो फटका बँकेला बसला.

पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणानंतर स्विफ्ट आणि कोअर बँकिंग जोडण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ३० एप्रिल २०१८ची मुदत दिली. तरीही मार्च २०१९मध्ये स्विफ्टविषयक सूचना वेळेत न पाळल्याबद्दल ३६ बँकांना मिळून ७१ कोटी रुपयांचा दंड झाला. धोका ठाऊक असणं आणि तो निस्तरणं यांत केवढं अंतर असतं, ते या आकड्यावरून समजावं.

आमचं रोजचं काम हे अंतर कमी करण्याचं. शाखेची तपासणी करताना मी आधी ‘मेकर’ आणि ‘चेकर’ यांच्या वेळा काढते. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने व्हाउचर पाहून ती मंजूर करायची, हा नियम. मंजुरीच्या वेळांची यादी समोर घेतली की कामाची तऱ्हा कळते. दिवसभर एकही मंजुरी नाही आणि संध्याकाळी पाचनंतर दोन-दोन, तीन-तीन सेकंदांच्या फरकाने सलग रांग, असं दिसलं की समजावं, इथे व्हाउचर कुणी पाहिलेलं नाही. सही झाली, तपासणी झाली नाही. मग उचंत खातं उघडायचं. ज्या रकमेचा हिशेब लगेच लागत नाही, ती तात्पुरती तिथे टाकतात. तात्पुरती नोंद कित्येक महिने पडून असेल, तर तिच्यामागे आळस असतो किंवा लबाडी. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

दुसरा भाग माणसांचा. बेअरिंग्ज ही १७६२ची ब्रिटिश बँक १९९५मध्ये ८२ कोटी ७० लाख पौंडांच्या तोट्याने कोसळली आणि एका पौंडाला विकली गेली. सिंगापूरमध्ये सौदे करणारा निक लीसन आणि त्या सौद्यांचा हिशेब पूर्ण करणाऱ्या विभागाचा प्रमुख, ही माणसं वेगळी नव्हती. तोटा ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात दडवला जात होता. दोन्ही कामं एकाच हाती असणं धोक्याचं आहे, असं बँकेच्याच अंतर्गत लेखापरीक्षकांनी १९९४मध्ये लिहून दिलं होतं. ते वाचलं गेलं, अंमलात आलं नाही.

म्हणूनच संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, आगाऊ न कळवता, सलग किमान १० कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवा, असा रिझर्व्ह बँकेचा २०२१चा नियम आहे. शाखेत याचा राग येतो. ‘इतकी वर्षं इमानदारीने काम केलं, आता संशय?’ हा सल मला समजतो. पण हा नियम संशयापोटी आलेला नाही. एकाच्या जागी दुसरा बसला की लपलेली चूकही सापडते, आणि प्रामाणिक माणसाची मान ताठ राहते.

याहून मोठी अडचण मानसिक आहे. नोंद जुळेपर्यंत व्यवहार अडवणारा अधिकारी ‘काम खोळंबवतो’ म्हणून ओळखला जातो. ‘साहेबांचा फोन आलाय, करून टाका’ ऐकणारा कार्यक्षम ठरतो. बढतीच्या यादीत दुसरा वर असेल, तर जोखीम विभागाच्या कितीही फायली झाल्या तरी उपयोग नाही. वर सांगितलेल्या बहुतेक प्रकरणांत नियमपुस्तिका अपुरी पडली नव्हती. ‘थांबा, आधी नोंद दाखवा’ म्हणणारा माणूस वेळेवर मिळाला नाही, किंवा बोलला तर त्याचं ऐकलं गेलं नाही.

हा लेख वाचणाऱ्यांपैकी अनेकजण एखाद्या नागरी बँकेचे किंवा पतसंस्थेचे सभासद असतील. वार्षिक सर्वसाधारण सभेत आपण लाभांश किती, एवढंच विचारतो. तिथे आणखी तीन प्रश्न विचारा. उचंत खात्यातली सर्वांत जुनी नोंद कधीची आहे? लेखापरीक्षकांचे कोणते आक्षेप सलग दोन वर्षं आले आहेत? गेल्या वर्षी सक्तीच्या रजेवर किती जण गेले? यांत गुपित काही नाही आणि समजायला कठीणही काही नाही. संचालक मंडळाकडे उत्तरं तयार असतील, तर त्यांचं सभेतच कौतुक करा. नसतील, तर पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हे प्रश्न लेखी घ्यायला लावा. सभासद विचारतात हे कळलं की शाखेतल्या चेकरलाही व्हाउचर वाचायला वेळ मिळू लागतो.