ताईचा गुलाब

मुलांनो, तुमच्या घरी गुलाबाचे रोप आहे का? नसेल तर एखाद्या कुंडीत जरूर लावा. पण त्याआधी माझी एक चूक ऐका.

पुण्यात नाना पेठेत आमचे जुने घर होते. मागच्या अंगणात माझ्या थोरल्या बहिणीने लाल गुलाब लावला होता. मे महिन्यात तिचे लग्न झाले आणि ती सोलापूरला गेली. निघताना ती म्हणाली, "माझा गुलाब सांभाळशील ना?" मी मोठ्या ऐटीत "हो" म्हटले. तेव्हा मी सातवीत होतो.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला. ज्या दिवशी पाऊस नसे, त्या दिवशी संध्याकाळी मी झारीने सगळ्या झाडाला अंघोळ घालत असे. ऑगस्टमध्ये पानांवर काळे गोल ठिपके दिसू लागले. ठिपक्यांभोवती पान पिवळे पडे आणि गळून जाई. मला वाटले, कीड लागली. घरात कीटकनाशकाची बाटली होती. तिच्यावर लिहिले होते, 'एक लिटर पाण्यात दोन मिलिलिटर'. जास्त औषध घातले तर गुण लवकर येईल, असे मला वाटले. म्हणून मी झाकण भरून औषध ओतले आणि भर दुपारी फवारले. दोन-तीन दिवसांत उरलेली पानेही करपली. गुलाबाच्या जागी नुसत्या काटेरी काड्या उरल्या.

ताईचे पत्र आले. शेवटी तिने विचारले होते, "गुलाब कसा आहे?" मी उत्तरात शाळेबद्दल लिहिले, मित्रांबद्दल लिहिले. गुलाबाबद्दल मात्र एक अक्षरही लिहिले नाही.

आमच्या शेजारी एक काका राहत. त्यांनी अनेक वर्षे माळीकाम केले होते. एक दिवस धीर करून मी त्यांना बोलावले. त्यांनी नखाने फांदीची साल किंचित खरवडली. आत हिरवा रंग दिसला. "झाड जिवंत आहे," ते म्हणाले. "पण तू रोग न ओळखताच औषध दिलेस. हे ठिपके किडीचे नव्हेत, बुरशीचे. किडीचे औषध बुरशीला काय करणार?"

गुलाब हा शब्द कसा बनला, हे तुम्हांला ठाऊक असेल. गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. काका हसून म्हणाले, "नावातच पाणी आहे, पण ते मुळांना द्यायचे, पानांना नाही." पान सलग सात-आठ तास ओले राहिले, की ही बुरशी रुजते. संध्याकाळी भिजवलेली पाने रात्रभर वाळत नाहीत. म्हणजे रोगाला मीच आमंत्रण दिले होते!

आम्ही गळलेली पाने वेचली आणि पिशवीत बांधून कचऱ्यात टाकली, कारण त्यांच्यावरही बुरशी जगते. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात काकांनी छाटणी केली. वाळलेल्या फांद्या त्यांनी हिरवा भाग लागेपर्यंत कापल्या. प्रत्येक काप बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या थोडा वर आणि तिरपा होता. कापांवर त्यांनी बुरशीनाशकाचा लेप लावला. मी रोज सकाळी फक्त बुंध्याशी पाणी घालू लागलो. काही दिवसांनी तांबूस कोंब फुटले.

नोव्हेंबरात पहिली कळी आली आणि तिच्यावर हिरवा मावा दिसला. माझा हात पुन्हा बाटलीकडे गेला. पण या वेळी मी थांबलो आणि नीट पाहिले. मावा कोवळ्या शेंड्यांतील रस शोषत होता. जवळच ठिपक्यांचा लाल ढालकिडा मावा खात फिरत होता. मी औषध फवारले असते, तर झाडाचा हा मित्रही मेला असता! मी कळीला बोटांचा आधार दिला आणि पाण्याच्या धारेने मावा धुऊन काढला.

पुढे मी आणखी रोग आणि किडी ओळखायला शिकलो. थंडीत पानांवर पिठासारखी पांढरी भुरी दिसली, तर गंधकाचे औषध चालते. पण ते कडक उन्हात मारू नये. उन्हाळ्यात पानामागे बारीक जाळे दिसले, तर ते लाल कोळ्याचे समजावे. पानांची मागची बाजू सकाळी पाण्याने धुवावी. पानाच्या कडेला गोल काप दिसले, तर घाबरू नका. एक जातीची मधमाशी घरट्यासाठी ते तुकडे नेते. औषध मारायचेच असेल, तर ते काम मोठ्या माणसांना करू द्या आणि बाटलीवर लिहिलेले प्रमाण पाळा.

डिसेंबरात ताई आली. अंगणात दोन फुले उमलली होती. ती आनंदाने पाहत राहिली. मला राहवले नाही. मी सगळे खरे सांगून टाकले. ती म्हणाली, "अरे, मग पत्रात का लिहिले नाहीस? मी तर हा गुलाब जगण्याआधी दोन रोपे मारली होती!"

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दरवर्षी जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरते. मी तिथे जातो, तेव्हा गुलाबाच्या फुलाआधी त्याची पाने पाहतो. झाडाला काय दुखते, ते पानेच सांगतात. तुम्हीही आज आपल्या झाडाचे एखादे पान उलटून पाहा.