भोपाळचा बडा तालाब आणि नवा रस्ता

भोपाळला गेलात तर संध्याकाळी व्हीआयपी रोडवरून बडा तालाब पाहाच. अकराव्या शतकात राजा भोजाने कोलांस नदी अडवून बांधलेला हा तलाव आजही शहराच्या मोठ्या भागाला पिण्याचे पाणी पुरवतो. 2002 पासून तो रामसर यादीतही आहे.

मात्र सूर्यास्ताचे फोटो काढून परतू नका. दुसऱ्या दिवशी गाडी सिहोरच्या दिशेने वळवा. शेते, ओढे आणि माळ मिळून सुमारे 361 चौरस किलोमीटरचे हे पाणलोट क्षेत्र. इथले पाणी उतरते तेव्हाच तलाव भरतो, भदभदाचे दरवाजे उघडतात आणि ते पाहायला गर्दी लोटते.

शहराचा पश्चिम बायपास याच बाजूने आखला आहे. रस्ता हवाच, ट्रक शहराबाहेरून गेलेले कोणाला नको आहेत? पण भराव घालताना ओढ्यांना पुरेशा मोऱ्या ठेवल्या नाहीत, तर पाणी तुंबते, भलतीकडे वळते. त्याहून मोठी भीती रस्त्यामागून येणाऱ्या प्लॉटची, ढाब्यांची आणि मॅरेज गार्डनची. त्यांचे सांडपाणी उताराने तलावातच येणार.

जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर एखाद्या मोरीपाशी थांबा. गढूळ पाणी तलावाकडे धावताना दिसेल.