गल्फचा नव्हे, गोल्फचा निबंध

आमच्या खेड तालुक्यात 'गल्फ' हा शब्द शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दोन-चार घरं सोडली की दुबई, कुवेत नाहीतर मस्कतला गेलेला एखादा माणूस निघतोच. त्यामुळे आमचा एक जुना विद्यार्थी मगरिबनंतर घरी आला आणि "सर, गोल्फवर निबंध लिहायचाय," म्हणाला, तेव्हा आम्ही बेधडक सांगून टाकलं, "लिही की. आधी व्हिसा, मग पगार, मग घराचा स्लॅब."

पोरगा हसला. "गल्फ नाही सर, गोल्फ. स्विंगची थिअरी."

तो बी.पी.एड. करत होता. एखाद्या खेळातल्या एका कौशल्याची उपपत्ती लिहायची होती. बाकीच्यांनी कबड्डी, क्रिकेट घेतलं, याने गोल्फ. आम्ही गोल्फची काठी कधी हातात धरलेली नाही. पण बी.एड. झालेल्या माणसाला विषय येत नसला तरी सल्ला देता येतो. आम्ही लाल पेन काढलं.

निबंधाचं पहिलंच वाक्य होतं : 'माझे अब्बा दुबईच्या गोल्फ मैदानावर गवत राखतात.' आम्ही ते खोडलं. "शोधनिबंधात घरचं नको," म्हणालो. पोरगा काही बोलला नाही. वही घेऊन गेला.

पंधरा दिवसांनी नवा मसुदा आला. बारा पानं, सगळी इंटरनेटवरून उचललेली. शब्द जड, अर्थ कुठेच नाही. "हे तुला कळलंय का?" आम्ही विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "सर, मला जे कळलं होतं ते तुम्ही खोडलंत."

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. मालीच्या पोराला बापाची लाज वाटू नये म्हणून आयुष्यभर वर्गात बोललो, आणि कागदावर बापालाच खोडून बसलो.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलावलं आणि दोघं मिळून शिकायला बसलो. आधी एक गोष्ट ध्यानात आली. थिअरी दोन जातींची असते. 1957 साली बेन होगन या अमेरिकन विजेत्याने पाच धड्यांचं पुस्तक लिहिलं. ते त्याच्या स्वतःच्या अंगातून आलेलं. 1968 साली इंग्लंडात कॉक्रन आणि स्टॉब्स यांनी शास्त्रज्ञांच्या मोजमापावर पुस्तक लिहिलं. त्यांनी स्विंगला दुहेरी लंबक म्हटलं : हात हा एक लंबक, मनगटाला लटकलेली काठी हा दुसरा. आधी हात फिरतात, काठी मागे राहते. खाली येताना हात मंदावतात आणि त्यांचा वेग काठीच्या टोकाला जातो.

आम्ही म्हणालो, "हे तर भात झोडणं!" पेंढी डोक्यावरून आणताना मनगट आधी सोडलं तर दाणा सुटत नाही, शेवटी सोडलं तर एका फटक्यात खळ्यावर पाऊस पडतो. त्याचे अब्बा दुबईला जाण्याआधी हेच करायचे. आम्ही त्याला सांगितलं, हे लिही. परीक्षकाला दुहेरी लंबक कळो न कळो, झोडणी कळेल.

मग फोन लावला. अब्बांना विचारलं, "तुम्ही रोज काय बघता?" पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "आम्ही काय बघणार सर? फटक्याने गवताचा तुकडा उडतो, तिथे वाळू भरतो. खड्ड्याचं तोंड बघून काठी कुठून कुठे गेली ते कळतं. पण गंमत अशी, खड्डा डावीकडे बघतो आणि चेंडू उजवीकडे निघतो. साहेबांचे उस्ताद तर म्हणायचे, काठी जाते तिकडेच चेंडू निघतो."

आम्ही पुस्तकं चाळली. खरोखरच वर्षानुवर्षं उस्ताद तसंच शिकवत होते. चेंडू काठीला चिकटतो सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरता. डोळ्याला ते दिसणार कसं? पुढे 2003 साली डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या ट्रॅकमनसारख्या रडारांनी मोजून दाखवलं, की चेंडूची सुरुवातीची दिशा बहुतांशी काठीच्या पात्याचं तोंड ठरवतं, काठीची वाट नव्हे. जे रडारने सांगितलं, ते वाळू भरणाऱ्या माणसाला खड्ड्यात दिसत होतं. त्याला विचारलं मात्र कुणी नव्हतं.

पोराला अजून संकोच होता. "साहेबलोकांचा खेळ, सर." आम्ही त्याला अली शेरची गोष्ट सांगितली. दिल्लीत दुसऱ्यांच्या काठ्या उचलणारा हा कॅडी 1991 साली इंडियन ओपन जिंकला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. मुंबईत चेंबूरच्या गोल्फ क्लबाशेजारच्या वस्तीतली पोरंही वाकवलेल्या लोखंडी सळईने आणि प्लॅस्टिकच्या चेंडूने गल्लीत गोल्फ खेळली आहेत. खेळ ज्याच्या हातात येतो त्याचा.

आता कुणी विद्यार्थी निबंधासाठी आला, तर आम्ही एवढंच सांगतो. प्रश्न एकच घे. कुणी म्हटलं आणि कुणी मोजलं, ते वेगळं लिही. परका शब्द आला की त्याला आपल्या अंगणात आणून बघ. आणि आपल्या माणसांनी पाहिलेलं खोडू नकोस. आमच्या उर्दूत 'तजुर्बा' हा एकच शब्द प्रयोगालाही आहे आणि अनुभवालाही. वर्गात हा शब्द आम्ही शेकडो वेळा फळ्यावर लिहिला असेल; अर्थ मात्र त्या फोनवर कळला.

निबंध गेला. गुण बरे मिळाले, फार नाहीत. पण पहिलं वाक्य पुन्हा आपल्या जागी होतं. त्यात पोराने दोन शब्द वाढवले होते : 'माझे अब्बा दुबईच्या गोल्फ मैदानावर गवत राखतात आणि वाचतात.'

आम्ही लाल पेनला टोपण लावलं.