बोनटची कडी

आमच्या बुलडाणा जिल्ह्याचे दोन भाग. एक घाटावरचा, एक घाटाखालचा. चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव घाटाखाली. कापूस विकायचा असो, रेल्वे धरायची असो की गजानन महाराजांचं दर्शन असो, घाटावरच्या माणसाला घाट उतरावा लागतो आणि परत चढावा लागतो. त्यामुळे गाडीची खरी पारख आमच्याकडे घाटातच होते. सपाटीवर काय, कोणतीही गाडी पळते.

आमचे वडील बैलगाडीनं खामगावला कापूस न्यायचे. घाट लागायच्या आधी गाडी थांबवून खाली उतरायचे. जूची शिवळं हलवून पाहायची, मग दोन्ही चाकांच्या खिळा हातानं चाचपायच्या. आसाची खीळ म्हणजे बोटाएवढं लोखंड. पण तेवढ्यानंच चाक आसावर राहतं. कोणी घाई केली तर म्हणायचे, "कापूस गेला तं पुढच्या साली पिकन. बैल गेला तं कुठून आणशीन?"

पुढे बैलगाड्या कमी झाल्या आणि जीपा आल्या. जीप मूळची लढाईची गाडी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यासाठी विलिस कंपनीनं ती बनवली, आणि पुढे महिंद्रांनी ती मुंबईत जोडायला सुरुवात केली. आमच्याकडे ती काळी-पिवळी होऊन खेडोपाडी फिरली. एसटी जिथं दिवसातून दोनदा यायची तिथं जीप दहादा यायची. मागं माणसं, टपावर पोती, पायरीवर पोरं.

या जीपच्या बोनटला आजच्या कारसारखा आतून ओढायचा खटका नसायचा. बोनटच्या बिजागऱ्या मागे, काचेच्या बाजूला. पुढची बाजू मोकळी. दोन्ही बाजूच्या मडगार्डवर एकेक स्प्रिंगची कडी असायची, ती बोनटच्या कडेच्या आकड्यात अडकवायची. मांडणी साधी आणि भक्कम. पण कोणतंही लोखंड रोज हादरलं की झिजतं. बोनटखाली टेकू म्हणून रबराचे तुकडे असतात. ते बोनटला खालून रेटतात, म्हणून कडी ताणलेली राहते. ते रबर एकदा गळून पडलं की बोनट खडखडायला लागतं. खडखडलं की कडीचं टोक गोल होतं, स्प्रिंग ढिली पडते, आणि मडगार्डचा पत्रा स्क्रूच्या भोकाशी फाटत जातो. हे काही एका दिवसात होत नाही. आधी आवाज येतो. पण चौदा माणसांच्या गलक्यात आवाज ऐकतो कोण?

माझ्या थोरल्या भावानं अशी एक जीप घेतली होती. तीन मालकांच्या हातून आलेली. बँकेचा हप्ता होता, त्या साली कपाशीला बोंडअळीनं खाल्लं होतं, आणि घरात पोरीचं लग्न काढलेलं. डाव्या बाजूची कडी ढिली झाली तेव्हा भावानं सायकलच्या ट्यूबचं रबर बांधलं. ते तुटलं तेव्हा तार बांधली. तार हे आमच्या भागातलं सगळ्या रोगांवरचं औषध. खाटेचा पाय, मोटारीचा पाईप, कुंपण, वखराची दांडी, सगळं तारेनं बांधून भागवायचं. मी म्हटलं, "भाऊ, कडी नवी टाकून घे." तो म्हणाला, "कडीचे पैसे नाही रे लागत. गाडी अर्धा दिवस उभी राहते, त्याचे लागतात." त्याचंही खोटं नव्हतं.

गुरुवार होता. शेगावला जाणारी माणसं बसलेली, जास्त करून बाया. मी पुढं भावाशेजारी. बोथ्याचं जंगल मागे पडलं, घाट उतरून सपाटी लागली, तशी भावानं गाडी सोडली. समोरून भरधाव ट्रक आला. तो शेजारून गेला आणि त्याच्या वाऱ्याच्या झोतात तार तुटली. उजवी कडीही झिजलेलीच होती, ती एकटी काय धरणार? बोनट उठलं आणि धाडकन काचेवर येऊन आदळलं. काचेला जाळी पडली. समोरचा रस्ता दिसेनासा झाला. नुसता पत्रा.

बाया ओरडल्या. भावानं ब्रेकवर एकदम पाय दिला नाही. माणसांनी खचून भरलेली गाडी, जोरात दाबला असता तर उलटलीच असती. त्यानं ॲक्सिलेटर सोडला, उजवीकडून अर्धा बाहेर वाकला आणि रस्त्याची कड पाहत पाहत गाडी हळूहळू डावीकडे घेतली. मी माझ्या बाजूनं "अजून, अजून, बस" असं सांगत होतो. गाडी एका बाभळीपाशी थांबली. हेच दहा मिनिटं आधी झालं असतं तर आम्ही घाटाच्या वळणावर होतो.

भावानं बिडी काढली, पण काडी काही पेटवता येईना. हात कापत होते. एक म्हातारी मागून उतरली, आपल्या तांब्यातलं पाणी तिनं त्याला दिलं आणि विचारलं, "बापा, तुह्या घरी लेकरं हायेत ना?" बस, एवढंच. मग ती रस्त्याच्या कडेला जाऊन एसटीची वाट पाहत बसली. भावानं सगळ्यांचे पैसे परत केले. तिनं घेतले नाहीत.

खामगावच्या मिस्त्रीनं दोन्ही कड्या काढून भावाच्या तळहातावर ठेवल्या. म्हणाला, "एकच बदलशीन तं सारा ताण नवीवर येईन. जोडी बदला." फाटलेल्या पत्र्याच्या आतून त्यानं लोखंडाची पट्टी वेल्ड केली, तिला भोकं पाडून नट-बोल्ट आणि वॉशर घालून कड्या बसवल्या. खाली नवे रबर टाकले. मग बोनट लावून दोन्ही हातांनी वर ओढून पाहिलं, बुक्क्या मारून पाहिलं, गाडी खड्ड्यातून फिरवून आणून पुन्हा ओढून पाहिलं. कड्यांचा खर्च एका खेपेच्या भाड्यात निघाला असता. काच, वाकलेल्या बिजागऱ्या आणि बुडालेले दिवस यांनी मात्र एक हप्ता खाल्ला.

आता माझ्या पोराकडे कार आहे. तिच्या बोनटला दोन टप्पे आहेत. आतली दांडी ओढली की पहिला खटका सुटतो, पण दुसरा आकडा बोनट धरून ठेवतो. तो बाहेरून बोट घालून सरकवावा लागतो. पहिला दगा देईल म्हणूनच दुसरा ठेवलेला. पण आमच्या धुळीत जुनं ग्रीस घट्ट होतं आणि तो दुसरा आकडा अडकून बसतो. ब्रशनं डिझेल लावून धुवावा, पुसावा, नवं ग्रीस द्यावं. बोटानं सरकवून सोडला की आपोआप जागेवर आला पाहिजे. नाही आला तर तो बदलायचाच, बांधायचा नाही. तार बांधलेली कडी वरून घट्ट दिसते, म्हणून ती ढिल्या कडीपेक्षा वाईट. ढिली निदान आवाज तरी करते.

भावाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. पुतण्या पिकअपमधून भाजीपाला नेतो. निघण्याआधी तो पुढं जातो आणि बोनट दोन्ही हातांनी वर ओढून पाहतो. मी विचारलं, "हे काहून करतं रे?" तं म्हणतो, "बाबा करायचे." त्या गुरुवारी तो पाळण्यात होता, आणि भाऊ त्या दिवसाबद्दल घरात कधी बोलला नाही. पोरानं सवय उचलली, पण तिच्यामागची बाभूळ आणि ती म्हातारी त्याला ठाऊक नाही. त्यालाही वाचता यावं म्हणून हे लिहून ठेवलं.