पोटावर ठेवलेला हात

पोट तपासण्याआधी तळहात एकमेकांवर चोळून कोमट करायचे. थंड हात लागला की गर्भाशय आवळतं, बाई दचकते, आणि मग आतलं काही नीट कळत नाही. हात कोमट असला, त्याला घाई नसली, की त्वचेखालचा काळोख हळूहळू बोलायला लागतो. इकडे पाठ, सलग आणि गुळगुळीत. तिकडे हातापायांचे बारके उंचवटे, बोटाखालून सटकणारे. खाली ओटीपोटात दोन्ही हातांच्या मधोमध गोल, टणक डोकं, दिवस बाकी असतात तोवर डुलणारं आणि दिवस भरत आले की आपली जागा धरून बसणारं. डोळे मिटले तर जास्त दिसतं. बाई माझ्या चेहऱ्याकडे बघत असते, माझ्या कपाळावर आठी पडते का ते शोधत असते, आणि मी तिच्या पोटावर हात ठेवून अशा कुणाची तरी पाठ चाचपत असते ज्याला अजून नाव नाही.

सगळं ठीक आहे, असं हात आधी सांगतो. तोंड नंतर.

सध्या माझ्या रात्री परदेशी नोकरीचे अर्ज भरण्यात जातात. ड्युटीवरून बोईसरच्या खोलीवर यायचं, भात टाकायचा, आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मोबाइलच्या उजेडात रकाने भरत बसायचं. पासपोर्टवर आहे तसं नाव. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. रुग्णालयात खाटा किती. विभाग कोणता. आमच्या नोंदणीत दोन ओळखी शेजारी शेजारी असतात, परिचारिका आणि मिडवाइफ. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग आणि मिडवाइफरीच्या पदविकेच्या, अभ्यासात दोघी एकत्रच शिकून निघतात आणि इकडच्या लेबर रूममध्ये एकाच बाईच्या दोन हातांसारख्या वावरतात. समुद्रापलीकडे मात्र त्यांची ताटातूट होते. ब्रिटनच्या नोंदवहीत नर्सचा भाग वेगळा, मिडवाइफचा वेगळा. जर्मनीत मिडवाइफला हेबामे म्हणतात आणि २०२० च्या कायद्यापासून तिथं तिचं शिक्षण विद्यापीठात गेलं. इथून जाणारी बाई तिथं नर्स म्हणून ओळखली जाते, तीही त्यांची भाषा शिकून, त्यांच्या परीक्षा देऊन. तिच्यातली सुईण मुंबईच्या विमानतळाच्या अलीकडेच उभी राहते.

मला जायचं आहे. हे मी आडपडदा न ठेवता लिहिते आहे, कारण बायका जाण्याचं बोलल्या की ऐकणाऱ्याला त्यात नेहमी कुणाचा तरी त्याग शोधायचा असतो. लेकीचं शिक्षण आहे, घराचे हप्ते आहेत, हे खरंच. पण इतकी वर्षं दुसऱ्यांना जगात आणणाऱ्या बाईला जग एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावंसं वाटलं, तर तेही पुरेसं कारण आहे.

माझे हात तयार झाले ते जव्हारच्या वरच्या अंगाला, एका आरोग्य केंद्रात. पावसाळ्यात तिथं ढग सरळ व्हरांड्यात येऊन बसायचे, भिंतींना ओल, कपड्यांना ओल, कापसाच्या गुंडाळ्यांनाही ओलीचा वास. ओढ्याला पूर आला की गाडी अलीकडेच थांबायची आणि बाई झोळीतून यायची. दोन पुरुषांच्या खांद्यांवर बांबू, बांबूला बांधलेली चादर, चादरीत घामानं आणि पावसानं निथळणारी ती, आणि मागून चिखल तुडवत, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात जुनेराचं बोचकं घेऊन अनवाणी येणारी तिची सासू. पाणमोट कधी वाटेतच फुटलेली असायची. दिवे तर नसायचेच. ठोके ऐकवणारा डॉप्लर बंद पडला की नरसाळ्यासारखं ते जुनं यंत्र पोटावर टेकवायचं, त्याला कान लावायचा आणि आपला श्वास धरायचा. आधी येतो आईच्या रक्ताचा संथ सुस्कारा. मग त्याच्या मागून, फार लांबून, घाईघाईनं कुणीतरी पळत येत असल्यासारखे ठोके. मिनिटाला १४० च्या आसपास.

ते ऐकू आले की मी मान हलवायचे, आणि सासू मटकन खाली बसायची.

याच डोंगरांत १९९२-९३ साली वावर-वांगणीची मुलं कुपोषणानं गेली, तेव्हा जव्हारचं नाव राज्याच्या तोंडी आलं. म्हणून तिथली नर्स वजनकाट्याकडे बघते तेव्हा तिचा श्वास अडकलेला असतो. काटा अडीच किलोच्या पुढं सरकला की खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे सैल होतात. अलीकडेच थांबला की बाळ आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून निजवायचं, वरून लुगड्याचे पदर पांघरायचे आणि चिकाचा एक एक थेंब त्याच्या ओठांवर सोडत रात्र काढायची. अशा रात्री मी पुष्कळ काढल्या. माझ्या तिथल्या नेमणुकीचा करार मात्र अकरा महिन्यांचा असायचा; अकरा महिने, मग कोरी फट, मग पुन्हा अकरा महिने. आता अर्जात त्या फटींचं कारण विचारतात.

भात कापून झालं की रात्री पाड्यावरून तारप्याचा आवाज यायचा. तारपा वाजवणारा श्वास तोडत नाही. नाकानं घेत राहतो, फुगलेल्या गालांतून सोडत राहतो, आणि हातात हात गुंफलेला अख्खा फेर त्या एका न तुटणाऱ्या श्वासामागं रात्रभर फिरतो. लेबर टेबलाशी मी बरोबर उलटं सांगत असायचे. तोड श्वास. बारीक कर. फुंकर मार, चुलीवर मारतेस तशी. आता जोर नको लावूस, डोकं आलंय, थांब, थांब माझी बाय ती. एक हात खालून आधाराला, दुसरा डोक्यावर अगदी हलका, कारण ते सावकाश यायला हवं. आणि भुवया, नाक, ओठ, हनुवटी असा एक चेहरा माझ्या बोटांखाली क्रमानं उमटत जायचा, खिडकीबाहेर तारपा चालूच, आत मी, ती आणि तो चेहरा, आणि त्या चेहऱ्याला अजून हवेची ओळख नाही.

मग तो रडायचा.

मग मी खाली उतरून बोईसरला आले. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं, मागोमाग एमआयडीसी पसरली, आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना असं गाव उभं राहिलं की ज्यात जो तो कुठून तरी आलेला. रात्रपाळीला जाताना हवेत आंबूस, घशाला चिकटणारा वास असतो. धुराड्यांवरचे लाल दिवे धुक्यात तरंगतात. पहाटेच्या डहाणू लोकलमधून उतरलेली माणसं डबे घेऊन अंधारातच वाटा फुटल्यासारखी वेगवेगळ्या कारखान्यांकडे जातात. त्यांच्या बायका आमच्याकडे बाळंत होतात. आझमगडची, गंजामची, दरभंग्याची, नंदुरबारची, पालक्काडची. माहेर दूरवर, सोबतीला बारा तासांची पाळी करून आलेला, डोळे तारवटलेला नवरा, आणि त्याला आत यायला संकोच. कळा चढल्या की आपल्याला येणारी हिंदीसुद्धा बाई विसरते आणि ज्या भाषेत ती स्वतः रडत जन्मली त्या भाषेत आईला हाक मारते. माई रे. बोऊ लो. अम्मे. आये गो. मी त्या सगळ्या हाकांना ओ दिलेली आहे. शब्द कळले नाहीत तरी कमरेला खालून वर तळहातानं दाबत राहिलं की पाठीचा ताण सैल पडतो. तो गंजामच्या पाठीचाही पडतो.

बाहेर जायला नर्सना द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याची चाचणी असते. समोरची व्यक्ती काही मिनिटं रुग्ण होते, आपण नर्स, आणि आपण तिची काळजी ओळखून ती शब्दांत सांगायची. मला ती वाक्यं पाठ आहेत. तुम्ही घाबरला आहात हे मला दिसतंय. तुम्हाला काय वाटतंय ते मला सांगाल का. चांगली वाक्यं आहेत, आणि खरं सांगते, आपल्याकडच्या कित्येक दवाखान्यांत ती कुणी उच्चारली असती तर बायकांचं अर्धं भय तिथंच सरलं असतं. ती शिकताना मला आनंद झाला. पण सराव करताना माझा उजवा हात नकळत पुढं जातो, समोरच्या न दिसणाऱ्या दंडावर टेकायला, आणि मोबाइलच्या काचेला लागून थांबतो.

माझ्या लेबर रूमची जुनी सोबतीण, कोट्टयमची चेची, म्हणजे मल्याळममध्ये ताई, आता मस्कतला आहे. तिच्या गावाकडच्या प्रत्येक घरातून कुणी ना कुणी अशी गेलेली, त्यामुळं जाण्याची तिला भीती नव्हती. व्हिडिओवर ती खिडकीबाहेरचा पांढराशुभ्र प्रकाश दाखवते, सरळ रस्ते, खजुराची ओळ. पगार वेळेवर. रजा मिळते. ती म्हाताऱ्यांच्या वॉर्डात आहे आणि त्यांचं सगळं मायेनं करते. परवा मी तिला विचारलं, "चेची, बाळ हातात घेऊन किती दिवस झाले?" ती हसली आणि म्हणाली, "तू पाठव ना एखाद्याचा रडण्याचा आवाज." आईबापाला विचारून मी पाठवला. नंतर बराच वेळ दोन निळ्या खुणा दिसत राहिल्या, उत्तर आलं नाही.

मला आनंदीबाई जोशी आठवतात. कल्याणची मुलगी, चौदाव्या वर्षी बाळंत झालेली, दहाच दिवसांत बाळ गमावलेली. १८८३ साली ती नवऱ्याशिवाय समुद्रापार गेली, आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात पदवीसाठी तिनं जो प्रबंध दिला, तो होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर. त्या अद्ययावत शहरात बसून तिनं आपल्या माजघरांतलं बाळंतपण लिहून काढलं. ते तिथल्या प्राध्यापकांनी वाचलं, आणि ती डॉक्टर झाली. पुढच्याच वर्षी पुण्यात ती गेली, एकविसाव्या वर्षी. पण समुद्रापार जाताना आपल्या बायकांच्या वेणा ती सोबत घेऊन गेली आणि त्यांना कागदावर जागा मिळाली, हे माझ्या मनातून जात नाही.

आमच्या भागातून जगात गेलेलं आणखी एक आहे, वारली चित्र. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ते भिंतीवरून कागदावर आणलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्या त्रिकोणी अंगांच्या पांढऱ्या माणसांनी देशोदेशींच्या भिंती गाठल्या. लग्नाचा चौक मात्र सुवासिनी काढतात. बाळंतिणीला बघायला एका घरी गेले होते, तेव्हा गेरूच्या भिंतीवर तो अजून होता; तांदळाच्या पिठाच्या रेघा थोड्या झडलेल्या, मधे पालघट देवी, सगळ्या उपजण्याची धनीण, आणि बरोबर तिच्या खाली झोळीत नऊ दिवसांचं बाळ मुठी आवळून निजलेलं. मी त्या रेघांकडे बघत राहिले. किती जणींची बोटं त्या पिठात बुडाली असतील. अंगणातलं कोंबडं आत आलं, बाळ दचकलं, आणि त्याची आई न उठताच पायानं झोळी हलवायला लागली.

त्याच घरात मी जाण्याचं बोलले होते. दिवाळीनंतर त्यांचं सगळं घर भिवंडीकडं वीटभट्टीवर निघायचं होतं, बाळासकट. मी सासूला लसीच्या तारखा समजावत होते, भट्टीजवळ बाळाला निजवू नका, धूर लागू देऊ नका, होळीला परत आलात की मला दाखवा. ती म्हणाली, "तू अशील ना?" मी म्हटलं, मीही कदाचित बाहेर जाईन, लांब. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. आश्चर्य नव्हतं त्या नजरेत, तक्रारही नव्हती.

"तू पण जगायला जातेस," ती म्हणाली, आणि माझ्या पिशवीत वालाच्या शेंगा घातल्या.

तेव्हापासून अर्ज भरताना अपराधी वाटत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला, त्यात नर्सही आहेत. आमच्याकडच्या तरुण मुली आता ड्युटीच्या मधल्या वेळात जर्मन शब्द घोकतात आणि मी त्यांची उजळणी घेते. दुबईत मिडवाइफचा वेगळा परवाना आहे, म्हणून माझा एक डोळा तिकडे लागलेला. २०१५ पासून आखातासह अठरा देशांसाठी नर्सला सरकारी मंजुरी लागते, आणि ते मला चांगलंच वाटतं. त्याआधी एजंटांनी कितीतरी मुलींचे दागिने खाल्ले. मी कुणाला पैसे देणार नाही. मुलींनाही तेच सांगते.

पुढच्या आठवड्यात पडताळणीच्या कागदांसाठी मुंबईला जायचं आहे, सकाळच्या लोकलनं, नाईट संपवून. दोन्ही ओळखींची पडताळणी मागणार आहे, दुसरीची कुणी विचारणा केलेली नसली तरी. शुल्क जास्त पडलं तर भरेन. आणि जिथं मला नर्स म्हणून घेतील तिथं दिलेलं काम मनापासून करेन, पण पहिल्याच दिवशी विचारणार आहे की लेबर वॉर्ड कुठल्या मजल्यावर आहे आणि मिडवाइफ व्हायला इथं काय शिकावं लागतं.