जरा दाबा ना, भाऊ!

शनिवारची सकाळ, टाकी फुल, प्लेलिस्ट तयार आणि बॉसचा फोन सायलेंटवर. कुठे निघालात? शंभरातले निम्मे तरी सांगतील, कर्जत! कुणाचं फार्महाऊस, कुणाचा ट्रेक, कुणाला नुसताच स्टेशनवरचा वडापाव खायचा असतो. वाटेत एक्स्प्रेस-वे लागला की उजवा पाय आपोआप जड होतो. 94.5 किलोमीटरचा हा काँक्रीटचा रस्ता 2002 मध्ये पूर्ण सुरू झाला आणि 'मुंबईहून पुणे किती वेळात?' हा आपल्याकडे फुशारकीचा प्रश्न होऊन बसला. कुणी दोन तास म्हणालं, की दुसरा लगेच पावणेदोनवर येतो.

पण बॉस, आता हिशेब बदललाय. माडपचा बोगदा ओलांडून खालापूरकडे निघालात की डोक्यावर कमानी दिसतात आणि कमानींवर कॅमेरे. जुलै 2024 मध्ये इथे आयटीएमएस, म्हणजे वाहतुकीवर नजर ठेवणारी नवी यंत्रणा सुरू झाली. वेग, लेन, सीटबेल्ट, कानाला लावलेला मोबाइल असे 17 प्रकारचे गुन्हे ती टिपते. शिट्टी नाही, हात दाखवून थांबवणं नाही, 'साहेब, जाऊ द्या ना' नाही. थेट गाडीमालकाच्या मोबाइलवर एसएमएस! गाडी गुजरातची असो की कर्नाटकची, नंबरावरून मालक सापडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 नुसार हलक्या गाडीला वेगाचा दंड 1000 ते 2000 रुपये.

खालापूरला हा खेळ तसा नवा नाही. 2019 च्या सुमारास पोलिसांनी एक साधी आयडिया लढवली होती. खालापूर आणि उर्से या दोन टोलनाक्यांमधलं अंतर 37 मिनिटांच्या आत कापलंत, तर दंड. ताशी 80 च्या वेगानं 37 मिनिटांत जवळपास 50 किलोमीटर होतात. म्हणजे टोलच्या पावतीवरची वेळच साक्षीदार! कॅमेरा दिसला की ब्रेक आणि कॅमेरा गेला की पुन्हा सुसाट, ही आपली आवडती युक्ती तिथे फेल. त्याच वर्षी नोव्हेंबरात सपाटीवरची मर्यादा 80 वरून 100 झाली. घाटात ती 50 होती, पुढे 60 केली गेली.

परवा याच रस्त्यानं माझ्या मावसबहिणीबरोबर गेले. ताई गेली सात वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टला. गाडी तिच्या हातात होती आणि काटा 98 वर खिळलेला. मागून हॉर्न, डिपर, सगळं चालू. तिच्या चेहऱ्यावर सुरकुती नाही.

"अगं ताई, तिकडे ऑटोबानवर तर लिमिटच नसतं ना?"

"काही ठिकाणी नसतं. जिथे असतं तिथे मात्र पत्र येतं," ती म्हणाली.

मग पत्राची गोष्ट निघाली. 2024 च्या उन्हाळ्यात ही मंडळी स्वित्झर्लंडला गेली होती. एका गावात 50 ची पाटी. रडारची सवलत वजा करूनही वेग 8 किलोमीटरनं जास्त निघाला. दंड 120 फ्रँक, आपले दहा-बारा हजार रुपये! 'सीमा ओलांडली की विषय संपला' असं तिच्या ऑफिसातल्या लोकांनी सांगितलं होतं. पण 1 मे 2024 पासून जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये नवा पोलीस करार लागू झालाय. 70 युरो किंवा 80 फ्रँकच्या वरचा दंड आता सीमेपलीकडे जाऊनही वसूल करता येतो. युरोपियन युनियनच्या देशांनी एकमेकांचे दंड मान्य करायचं 2005 मध्येच ठरवलं होतं, जर्मनीनं ते 2010 पासून अमलात आणलं. ताईनं गुपचूप पैसे भरले.

हा सगळा उद्योग सुरू कुणी केला, माहितीय? मॉरिस गॅट्सोनिडेस नावाच्या डच रॅली ड्रायव्हरनं. हा पठ्ठ्या 1953 ची माँटे कार्लो रॅली जिंकला होता. वळणावर आपण नेमके किती वेगात जातो हे मोजायला त्यानं यंत्र बनवलं आणि जगभरच्या पोलिसांना ते आवडलं! फिनलंडमध्ये तर मोठ्या गुन्ह्याचा दंड कमाईवर ठरतो. 2023 मध्ये तिथल्या एका श्रीमंत उद्योगपतीला 50 च्या रस्त्यावर 82 नं गेल्याबद्दल 1,21,000 युरो मोजावे लागले.

तुम्ही हनिमूनला किंवा ऑनसाइटला जाऊन तिकडे गाडी भाड्यानं घेणार असाल, तर फंडा सिंपल आहे. आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, ते एक वर्ष चालतं, आणि मूळ लायसन्सही जवळ ठेवा. करारपत्रातला दंडाचा परिच्छेद वाचा. पोलिसांनी विचारलं की भाड्यानं गाडी देणारी कंपनी तुमचं नाव-पत्ता देते आणि त्या कामाची फी तुमच्या क्रेडिट कार्डातून वेगळी कापते. दंडाचं पत्र नंतर येतं. स्वित्झर्लंडमध्ये कॅमेऱ्याची आधी खबर देणारं अॅप वापरणं हाही गुन्हा आहे.

पण ताईनं सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यात अडकून बसली. जर्मनीत वेगाचा दंड गाडी चालवणाऱ्याला होतो. म्हणून कॅमेरा समोरून फोटो काढतो, चेहरा दिसावा लागतो. आपल्याकडे एसएमएस जातो मालकाला.

खालापूरच्या फूड मॉलवर चहा घेताना शेजारी एक टुरिस्ट टॅक्सीवाले काका उभे होते. आमचं बोलणं ऐकून तेही बोलायला लागले. "ताई, चलान शेठच्या मोबाइलवर येतं आणि महिन्याअखेरीला माझ्या पगारातून कापलं जातं. मी हौसेनं पळवतो का? मागे बसलेले म्हणतात, जरा दाबा ना भाऊ, फ्लाइट आहे. नाही दाबलं तर अॅपवर एक स्टार."

आता सांगा, मागच्या सीटवर कोण असतं? लॅपटॉप उघडून मीटिंगमध्ये बसलेले तुम्ही-आम्हीच. वेग आपण मागतो, फोटो गाडीचा निघतो, एसएमएस शेठला जातो आणि पैसे काकांचे जातात. या साखळीत आपलं नाव कुठेच नाही!

आणि मिळतं काय? घाटाचा पट्टा 15 किलोमीटर धरा. 60 नं गेलात तर 15 मिनिटं, 80 नं गेलात तर सव्वाअकरा. पावणेचार मिनिटं वाचली! तेवढ्यात बोर्डिंग पासची प्रिंटसुद्धा निघत नाही.

या रस्त्यानं काय काय नेलंय, ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. फेब्रुवारी 2001 मध्ये भाताण बोगद्याजवळ भक्ती बर्वे गेल्या. डिसेंबर 2012 मध्ये आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे, ऑगस्ट 2022 मध्ये माडप बोगद्याजवळ विनायक मेटे. प्रत्येक अपघाताचं कारण वेगळं, पण रस्ता हाच.

खंडाळ्याहून आम्ही जुन्या हायवेनं खाली उतरलो. वाटेत शिंग्रोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा हा धनगर, अशी कथा सांगतात. ड्रायव्हर मंडळी आजही इथे हात जोडतात, नाणं टाकतात. 15 एप्रिल 2023 च्या पहाटे याच देवळाजवळ ढोल-ताशा पथकाची बस दरीत कोसळली आणि 13 जण गेले. ताईनं गाडी बाजूला घेतली, नाणं टाकलं आणि पुढे सेकंड गिअरमध्येच उतरत राहिली.

खोपोलीहून पळसदरीमार्गे कर्जत. घाट चढण्याआधी रेल्वेगाडीला मागून जादा इंजिनं लागतात ती इथेच. त्या थांब्यानंच इथला वडापाव फेमस केला. 2023 मध्ये आलेली वंदे भारत या इंजिनांशिवाय चढते. पण उतरण्याचा नियम मात्र जुना आणि कडक. बोरघाटातली रेल्वे 1863 ची आणि चढ 37 फुटांना 1 फुटाचा. (पुन्हा 37!) उतरणारी गाडी कॅच सायडिंगपाशी थांबावीच लागते. ती ताब्यात आहे अशी खात्री पटल्यावरच पुढचा मार्ग मिळतो. ब्रेक लागलेच नाहीत तर रूळ तिला बाजूच्या चढावर नेऊन थांबवतात. रेल्वेतल्या कुठल्याच पॅसेंजरला मोटरमनच्या खांद्यावर टॅप करून 'जरा दाबा' म्हणता येत नाही, आणि त्याबद्दल आपली कुणाचीही तक्रार नसते!

मोटारीला कॅच सायडिंग नाही. तिथे आहेत फक्त कॅमेरा, काका आणि मागे बसलेले आपण. तेव्हा पुढच्या वेळी फ्लाइट असेल तर अर्धा तास आधी निघा. तरीही उशीर झालाच आणि काकांना घाई करावीशी वाटली, तर आधी खिशातून 2000 रुपये काढून डॅशबोर्डवर ठेवायची तयारी आहे का, ते स्वतःला विचारा. बहुतेक तुम्ही गप्पच बसाल. खिडकीबाहेर बघा. पावसाळ्यात घाट काय दिसतो राव!